निकालानंतरचे पाणी

जोनाथन हार या अमेरिकन लेखकाचे 'अ सिव्हिल ॲक्शन' हे पुस्तक १९९५ साली प्रसिद्ध झाले आणि तेथील ग्रंथसमीक्षकांच्या संघटनेचा त्या वर्षीचा ललितेतर साहित्याचा पुरस्कार त्याला मिळाला. १९९८ साली त्याच नावाचा चित्रपट आला. स्टीव्हन झेलियन यांनी तो लिहिला आणि दिग्दर्शित केला. जॉन ट्रॅव्होल्टा आणि रॉबर्ट ड्युव्हाल यांनी दोन विरुद्ध बाजूंच्या वकिलांची कामे केली. पर्यावरण हा विषय शिकवताना मुलांना दाखवण्याजोगा चित्रपट म्हणून त्याचे नाव अजूनही सुचवले जाते. पुस्तक तर वाचनाची गोडी असलेल्या अकरावी-बारावीच्या मुलांच्या हाती अवश्य द्यावे असे आहे. जाड आहे, पण खाली ठेववत नाही.

मग त्याविषयी तक्रार कसली? तक्रार अशी की हे पुस्तक एका शहराच्या भूजलात औद्योगिक द्रावक मिसळल्याची हकीकत सांगते आणि ते भूजल स्वच्छ करण्याची वेळ येते तेव्हा मिटते. चित्रपट तर त्याहून घाईने मिटतो. वाचकाच्या आणि प्रेक्षकाच्या मनात उरते ते असे: पाणी नासले, दोषी सापडले, पैसे मोजले, पाणी साफ झाले. यातले शेवटचे वाक्य खरे नाही. विज्ञान शिकवणाऱ्याच्या दृष्टीने तर तेथूनच खरी गोष्ट सुरू होते.

आधी घटना थोडक्यात सांगतो. वूबर्न हे मॅसॅच्युसेट्स राज्यातले, बॉस्टनच्या उत्तरेचे एक औद्योगिक गाव. कातडी कमावण्याचा धंदा तेथे फार जुना. गावाच्या पूर्व भागाला पाणी पुरवण्यासाठी अबर्जोना नावाच्या लहानशा नदीकाठी दोन विहिरी खोदल्या गेल्या. 'जी' विहीर १९६४ साली सुरू झाली, 'एच' १९६७ साली. पाण्याला वास येतो, चव विचित्र लागते अशी कुरकुर लोक करीत होते. १९७९ साली नदीजवळच्या मोकळ्या जागेत कोणीतरी टाकून दिलेली १८४ पिंपे सापडली, म्हणून या विहिरींच्या पाण्याची तपासणी झाली. तीत ट्रायक्लोरोएथिलीन हे द्रावक लिटरला २६७ मायक्रोग्रॅम आढळले, शिवाय कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगमध्ये वापरतात ते टेट्राक्लोरोएथिलीनही. गमतीचा भाग म्हणजे, ज्या पिंपांमुळे तपासणी झाली त्यांचा या द्रावकांशी संबंध नव्हता. मे १९७९ मध्ये दोन्ही विहिरी बंद करण्यात आल्या.

गावात मुलांना रक्ताचा कर्करोग होण्याचे प्रमाण जास्त आहे असा संशय ॲन अँडरसन या आईला कितीतरी आधीपासून होता. तिचा मुलगाच त्या आजाराने अंथरुणाला खिळला होता. १९८१ साली सरकारी पाहणीचा अहवाल आला. १९६९ ते १९७९ या काळात साधारण पाच मुलांना हा आजार व्हावा अशी अपेक्षा होती, प्रत्यक्षात १२ जणांना झाला होता. १९८२ साली आठ कुटुंबांनी दावा लावला. प्रतिवादी दोन मोठ्या कंपन्या होत्या, डब्ल्यू. आर. ग्रेस आणि बिॲट्रिस फूड्स. पहिलीचा विहिरींच्या ईशान्येला यंत्रे बनवण्याचा कारखाना होता, दुसरीच्या मालकीचा नदीपलीकडे पश्चिमेला कातडी कमावण्याचा. युनिफर्स्ट ही गणवेश धुऊन देणारी तिसरी कंपनी खटला उभा राहण्यापूर्वीच तडजोड करून बाहेर पडली. १९८६ साली ७८ दिवस सुनावणी झाली. ज्युरीने बिॲट्रिसला दोषमुक्त केले, ग्रेसला जबाबदार धरले. न्यायाधीशांनी ग्रेसविरुद्धचा निकाल रद्द करून फेरसुनावणीचा आदेश दिला आणि ग्रेसने ८० लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. वादींचे वकील जॅन श्लिक्टमन या खटल्यापायी कर्जबाजारी झाले. पुस्तकाचा नायक तेच.

हार यांनी या विषयावर आठ वर्षांहून अधिक काळ घालवला आणि ते पानोपानी दिसते. न्यायालयात विज्ञानाचे काय होते हे इतक्या बारकाईने सांगणारे दुसरे पुस्तक आमच्या वाचनात नाही. न्यायाधीश स्किनर यांनी खटल्याचे तुकडे पाडले. द्रावके कारखान्यांच्या जमिनीतून विहिरींपर्यंत पोचली की नाही, हे आधी ठरवायचे. पोचली असे ठरले तरच आजाराविषयीचा पुरावा ऐकायचा. म्हणजे आजारी मुलांचे आईबाप न्यायालयात महिनोन्‌महिने बसून वाळू, गाळ, पाण्याची पातळी आणि प्रवाहाचा वेग यांवरची साक्ष ऐकत राहिले, आणि आजाराच्या पुराव्याचा टप्पा आलाच नाही.

पाण्याच्या या टप्प्यात एक प्रश्न कळीचा होता: विहिरी उपसल्या म्हणजे नदीचे पाणी त्यांत येते का? बिॲट्रिसचा कारखाना नदीच्या पलीकडे. नदीचे पाणी झिरपून विहिरींना मिळत असेल, तर पलीकडच्या जमिनीतले पाणी नदीखालून अलीकडे ओढले जाते हे पटवणे अवघड. वादींचे तज्ज्ञ जॉर्ज पिंडर भूजलाच्या गणिती प्रतिकृतींचे नामांकित अभ्यासक. नदीचे पाणी विहिरींत येत नाही, हे त्यांचे म्हणणे उलटतपासणीत टिकले नाही. खटल्याच्या तोंडावर, डिसेंबर १९८५ पासून ३० दिवस, अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने दोन्ही विहिरी मुद्दाम चालू ठेवून मोजमाप केले होते. उपसलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा नदीतून येत होता. हा भाग हार यांनी फार सुरेख रंगवला आहे. एक हुशार शास्त्रज्ञ आणि त्याला आकड्यांत पकडणारा एक तितकाच हुशार वकील. वाचताना दया येते ती शास्त्रज्ञाची, पण वकिलाचे चुकले असेही म्हणता येत नाही.

पुढे ज्युरीला प्रश्न विचारले गेले ते तारखांचे. कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी ही द्रावके विहिरींपर्यंत पोचली? कायद्याच्या दृष्टीने प्रश्न योग्य असेल, कारण तारखेवर नुकसानीची जबाबदारी ठरते. जमिनीखालच्या पाण्याला मात्र तो विचारता येत नाही. भूजल म्हणजे खालून वाहणारी नदी नव्हे आणि नळही नव्हे. वाळूच्या कणांमधल्या फटींतून ते दिवसाला काही सेंटिमीटर, फार तर एखादा मीटर सरकते. एकाच ठिकाणाहून निघालेले दोन थेंब विहिरीत काही वर्षांच्या अंतराने पोचू शकतात. आधी विरळ रेघ येते, मग ती दाट होत जाते. 'पोचली' कधी म्हणायचे? हार यांनी ज्युरीच्या सदस्यांचा गोंधळ दाखवला आहे. प्रश्नच चुकीचा होता हे मात्र ते वकिलांच्या तोंडून सांगतात, पाण्याच्या बाजूने सांगत नाहीत. आणि येथेच आमची तक्रार सुरू होते.

संपूर्ण पुस्तकात ट्रायक्लोरोएथिलीन हा एक आरोपी आहे. तो कोठून आला, कोणी आणला, त्याने काय केले, सगळे विचारले जाते. तो पदार्थ म्हणून कसा आहे हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. वर्गात शिक्षकाने सुरुवात तेथून करावी.

ट्रायक्लोरोएथिलीनच्या रेणूत कार्बनचे दोन, हायड्रोजनचा एक आणि क्लोरिनचे तीन अणू असतात. यंत्राच्या सुट्या भागांवरचे तेल आणि ग्रीस काढायला ते उत्तम, पेट्रोलसारखे पटकन पेट घेत नाही, म्हणून विसाव्या शतकात कारखान्यांनी ते सढळ हाताने वापरले. त्याची घनता पाण्याच्या जवळजवळ दीडपट, १.४६. म्हणजे जमिनीवर सांडलेले रॉकेल झिरपत भूजलापर्यंत जाते आणि तेथे तरंगते, तर हे द्रावक भूजलाच्या पृष्ठभागाशी थांबतच नाही. पाण्यातून खाली बुडत जाते. वाटेत जेथे जेथे फट अरुंद, तेथे त्याचे थेंब अडकतात. चिकणमातीचा थर लागला की त्यावर डबके साठते. डबके उताराच्या दिशेने सरकते आणि तो उतार पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेने असेलच असे नाही. कोब्लेंझ येथील जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख श्विले यांनी काचेची भांडी आणि काचेचेच मणी वापरून हे सारे डोळ्यांनी दिसेल असे करून दाखवले. त्यांच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर १९८८ साली आले, म्हणजे वूबर्नच्या सुनावणीनंतर दोन वर्षांनी.

श्विलेंसारखाच एक प्रयोग वर्गात करता येईल. खरे द्रावक अर्थातच वापरायचे नाही. काचेची उंच बरणी घ्यावी, तीत मटकीच्या दाण्याएवढी धुऊन वाळवलेली खडी भरावी. मध्यावर एखाद्या बाटलीचे झाकण उपडे न ठेवता सुलटे, वाटीसारखे ठेवावे. मग खडी बुडेल इतके गोडे तेल ओतावे. येथे तेल हे भूजल. आता मिठाच्या पाण्यात शाई मिसळून ते ठिपक्याठिपक्याने वरून सोडावे. हे आपले द्रावक. सोंगे उलटी आहेत हे मुलांना आधी सांगावे, म्हणजे पाणीच पाण्याचे काम करीत नाही. रंगीत थेंब वाकडेतिकडे खाली जातात, काही खडीत अडकून राहतात, झाकणात तळे साठते, उरलेले तळाशी. नंतर रबरी नळीने तेल काढून घ्यावे आणि ताजे ओतावे. दोनदा, तीनदा. तेल बदलते, थेंब जागच्या जागी. (तेल महाग आहे याची आम्हाला कल्पना आहे, तळणातले उरलेले, गाळून घेतलेले चालते.)

यानंतर एक हिशेब. पिण्याच्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीनची अमेरिकेतील मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. वूबर्नच्या विहिरीत याच्या ५३ पट सापडले होते. एक लिटर द्रावकाचे वजन १.४६ किलोग्रॅम, म्हणजे १४६ कोटी मायक्रोग्रॅम. भागिले ५. उत्तर येते २९ कोटी २० लाख लिटर पाणी. आपल्याकडे ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी उद्दिष्ट आहे. पाच हजार वस्तीच्या गावाचे जवळजवळ तीन वर्षांचे पाणी एका लिटरने मर्यादेपर्यंत नासते. आता दुसरी बाजू पाहा. हे द्रावक पाण्यात फारसे विरघळत नाही. लिटरला एक ग्रॅमपेक्षा थोडे जास्त, एवढीच त्याची विद्राव्यता. विरघळते इतके कमी की धुऊन लवकर निघत नाही, आणि तरी इतके की पाणी पिता येत नाही, कारण ती विद्राव्यता मर्यादेच्या दोन लाख पटींहून अधिक आहे. भूजलाच्या सफाईचे सगळे दुखणे या एका वाक्यात आहे. पुस्तकाच्या एवढ्या पानांत ते कोठेतरी ठसठशीतपणे यायला हवे होते.

वूबर्नच्या सफाईचे काय झाले? 'सुपरफंड' नावाने ओळखला जाणारा कायदा अमेरिकेत १९८० साली झाला. धोकादायक जागांची राष्ट्रीय यादी करायची, ज्यांनी घाण केली त्यांच्याकडून ती साफ करून घ्यायची, ही त्यामागची कल्पना. वूबर्नच्या विहिरींचे नाव या यादीत १९८३ सालीच आले. पर्यावरण संरक्षण संस्थेने उपाययोजनेचा निर्णय १९८९ साली घेतला आणि १९९१ साली पाच कंपन्यांनी सुमारे ६ कोटी ९४ लाख डॉलर खर्चाची सफाई मान्य केली. १९९२ साली ग्रेस आणि युनिफर्स्ट यांच्या जागांवर उपसा सुरू झाला.

चित्रपटाचा शेवट आठवा. सर्वस्व गमावलेला वकील कागदपत्रांचे गठ्ठे सरकारी संस्थेकडे पाठवतो आणि त्यामुळे सरकार हलते, कंपन्यांना कोट्यवधी डॉलर मोजावे लागतात, असे दाखवून पडद्यावर तो आकडा येतो. टाळ्या पडाव्यात असाच तो क्षण आहे. पण सुनावणी सुरू होण्याच्या तीन वर्षे आधीच ही जागा यादीत होती, हे प्रेक्षकाला कळत नाही. संस्थेचे काम संथ होते, कंटाळवाणे होते, त्यात नायक नव्हता. म्हणून ते पडद्यावर आले नाही. श्लिक्टमन यांच्या पुराव्याचा उपयोग झाला असेल, त्याबद्दल वाद नाही. आमचा आक्षेप दुसरा आहे. तो आकडा ज्या तऱ्हेने दाखवला जातो त्यावरून पैसे दिले आणि पाणी शुद्ध झाले असे वाटते. पैसे ज्या कामासाठी होते ते काम तर १९९२ साली नुकते सुरू झाले होते.

ते काम असे. दूषित जागेत विहिरी घ्यायच्या, पाणी उपसायचे, वर आणून शुद्ध करायचे. हे द्रावक सहज उडून जाणारे असल्यामुळे वर आणलेले पाणी शुद्ध करणे अवघड नाही: उंच मनोऱ्यातून पाणी खाली पाडायचे, खालून हवा सोडायची, द्रावक हवेत जाते, किंवा पाणी कोळशाच्या भुकटीसारख्या क्रियाशील कार्बनमधून गाळायचे. (हवेत गेलेल्याचे काय, हा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारील. विचारायलाच हवा. ती हवाही कार्बनमधून सोडावी लागते, आणि त्या कार्बनचे पुढे काय हाही प्रश्न आहेच.) अडचण वर येणाऱ्या पाण्याची नाही, खाली राहणाऱ्या द्रावकाची आहे. पहिल्या काही वर्षांत उपशाच्या पाण्यातले प्रमाण झपाट्याने उतरते. सगळे खूश होतात. मग आलेख आडवा होतो आणि वर्षानुवर्षे तसाच राहतो, मर्यादेच्या वरच. पंप बंद केला की प्रमाण पुन्हा चढते.

याचे एक कारण अडकलेले थेंब. दुसरे जास्त चिवट. दूषित पाणी वीस-तीस वर्षे चिकणमातीच्या थराला लागून राहिले, की द्रावक विसरणाने त्या मातीत शिरते. नंतर वाळूतले पाणी स्वच्छ झाले तरी मातीत मुरलेले द्रावक तितक्याच सावकाशीने परत बाहेर येते. यासाठी पणतीचा प्रयोग करावा. कच्च्या रंगाची, न रंगवलेली पणती आठवडाभर शाईत बुडवून ठेवावी. मग वरून धुऊन स्वच्छ पाण्याच्या भांड्यात ठेवावी आणि रोज पाणी बदलावे. पहिल्या दिवशी पाणी गडद, दुसऱ्या दिवशी फिके, चौथ्या-पाचव्या दिवशी स्वच्छ वाटते. मग तीन दिवस पाणी बदलू नये. ते पुन्हा रंगते. मुलांनी रोजच्या पाण्याचा नमुना एकेका परीक्षानळीत ठेवून ओळीने लावला, तर कोणत्याही आलेखापेक्षा ते चांगले दिसते.

हे ज्ञान हार यांच्या पुस्तकाच्या वेळी उपलब्ध नव्हते असे म्हणता येणार नाही. पुस्तकाच्या एकच वर्ष आधी, १९९४ साली, अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने भूजलसफाईचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. उपसा आणि शुद्धीकरण चालू असलेल्या ७७ जागा तपासल्या होत्या. ठरवलेले उद्दिष्ट गाठले गेले होते फक्त ८ ठिकाणी. २०१३ साली त्याच परिषदेने पुन्हा हिशेब केला. देशभर किमान १ लाख २६ हजार जागी भूजल अजून दूषित होते आणि त्यांतल्या दहा टक्के जागा इतक्या गुंतागुंतीच्या की पुढची ५० ते १०० वर्षेही त्या मर्यादेत येण्याची शक्यता कमी. एखादा वाचक म्हणेल, हार यांना कायद्यावर लिहायचे होते, रसायनावर नव्हे. बरोबर आहे. पण ज्या लेखकाने ज्युरीच्या खोलीतला श्वासोच्छ्वास टिपला, त्याने त्या दोन विहिरींच्या तळाशी एकदा तरी डोकावायला हरकत नव्हती.

एवढे वाचून सफाई हा शब्दच खोटा आहे असे मुलांना सांगू नये. तीस-पस्तीस वर्षांत पुष्कळ नवे हाती आले आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात १९८०च्या दशकात पाण्याचे नमुने घेण्याचे साहित्य तपासताना लक्षात आले की धातूच्या सान्निध्यात ही क्लोरिनयुक्त द्रावके नाहीशी होत आहेत. नमुना बिघडतो म्हणून हा दोषच मानायचा. रॉबर्ट गिलहॅम यांनी त्याचा उपाय केला: प्रवाहाच्या आड जमिनीत लोखंडाच्या चुऱ्याची भिंत घालायची, पाणी तीतून पाझरते, लोखंड गंजते आणि द्रावकातला क्लोरिन सुटा होतो. पंप नको, वीज नको. १९९१ साली ओंटारिओत याची जमिनीत चाचणी झाली. ही भिंत पलीकडच्या पाण्याचे रक्षण करते. अलीकडचे डबके मात्र आहे तेथेच राहते. दुसरी गोष्ट जिवाणूंची. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी सांडपाण्याच्या गाळातून मिळवलेल्या एका जिवाणूचे वर्णन प्रसिद्ध केले. तो टेट्राक्लोरोएथिलीनमधले क्लोरिनचे अणू एकामागून एक काढत थेट निरुपद्रवी एथिलीनपर्यंत पोचतो. डीहॅलोकोकॉइडीस हे त्याचे नाव. मात्र ही साखळी मध्येच थांबली तर व्हिनाइल क्लोराइड साठते, आणि ते मूळ द्रावकाहून वाईट कर्करोगकारक आहे. अर्धवट उपचार कसा अंगाशी येतो याचे इतके स्वच्छ रासायनिक उदाहरण अकरावीच्या वर्गाला क्वचितच मिळेल.

आजाराविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत, कारण चित्रपट पाहून मुले विचारतात ते तेच. या पाण्यामुळेच त्या मुलांना कर्करोग झाला का? न्यायालयाने हे ठरवले नाही. राज्याच्या आरोग्य खात्याने नंतर केलेल्या अभ्यासात, ज्या मातांनी गरोदरपणी या विहिरींचे पाणी प्यायले त्यांच्या मुलांत हा आजार अधिक आढळला आणि पाणी जितके जास्त तितका धोका जास्त असेही दिसले. पण मुलांची संख्या लहान असल्याने निष्कर्ष सावधपणेच मांडला गेला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली ट्रायक्लोरोएथिलीन माणसात कर्करोग घडवते असे ठरवले, ते मुख्यतः मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या पुराव्यावर. पुस्तक या बाबतीत बरेच संयमी आहे. चित्रपट नाही. त्यातला कॅमेरा एखाद्या आईच्या चेहऱ्यावर थांबला की पुराव्याची गरजच संपते. त्या आईचे दुःख खरे होते. म्हणूनच तिला मिळायला हवे होते ते उत्तर किती अवघड आहे हे लपवू नये.

वर्गासाठी एक सोय झालेली आहे. ओहायो राज्य विद्यापीठातील भूजलतज्ज्ञ स्कॉट बेअर यांनी या खटल्यावर एक अभ्यासक्रमच बांधला. विद्यार्थ्यांनी खऱ्या साक्षी आणि खरी मोजमापे वाचायची, तज्ज्ञांच्या भूमिका घ्यायच्या आणि वर्गात खटला चालवायचा. बेअर आणि त्यांच्या सहकारी मॉरा मेथेनी यांनी वूबर्नच्या सफाईवर २००२ साली शोधनिबंधही लिहिला. आपल्या शाळेत एवढे साहित्य जमवणे अवघड, पण दोन तासांचा छोटा खटला नववीतली मुलेही झकास चालवतात.

आपल्या जमिनीचा फरक मात्र सांगावा. वूबर्नच्या विहिरी हिमनद्यांनी आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांच्या थरात होत्या. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, बेसॉल्टचा. आपले भूजल खडकाच्या भेगांत आणि मुरमात असते. वाळूत द्रावक कोठे गेले असेल याचा निदान अंदाज बांधता येतो. भेगांत तोही बांधता येत नाही, आणि भेगाळ खडक ही सफाईच्या दृष्टीने सर्वांत अवघड जागा मानली जाते. गावातल्या विहीर खोदणाऱ्याला विचारले तर पन्नास फुटांवरच्या दोन विहिरींपैकी एकीला पाणी आणि दुसरी कोरडी का, हे तो आपल्या भाषेत सांगेल. त्याला वर्गात बोलवावे.

दिवाणी दावा म्हटले की आपल्याला बांधाची भांडणे आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या तारखा आठवतात. वूबर्नचा दावा १९८२ साली लागला आणि १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकण्यास नकार दिल्यावर संपला. आठ वर्षे. सफाईच्या जागेची कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी फेरतपासणी होते. नैर्ऋत्येकडील काही जागांसाठी उपाययोजनेचा निर्णय २०१७ साली झाला, म्हणजे खटल्यातल्या मुलांच्या वयाची मुले आता ज्यांना आहेत अशा पिढीच्या काळात. यादीतून त्या जागेचे नाव वगळले गेलेले नाही. 'जी' आणि 'एच' या दोन्ही विहिरी १९७९ नंतर पुन्हा गावाला पाणी देऊ लागल्या नाहीत.

चित्रपट दाखवणार असाल तर आमची एक सूचना आहे. शेवटचा मजकूर पडद्यावर येण्यापूर्वी तो थांबवावा, दिवे लावावेत आणि फळ्यावर एका लिटरचा हिशेब मांडावा. मग १९९२ साली पंप सुरू झाला आहे असे सांगून मुलांना विचारावे, तो बंद केव्हा करायचा आणि करायचे असे ठरवायला काय काय मोजावे लागेल. पणतीचा प्रयोग आठवडाभर आधी लावून ठेवला असेल तर परीक्षानळ्यांची ओळ तोवर तयार असेल.